प्रकल्प नोंदी: पूर-गेटवेचा नेटवर्क ड्रायव्हर आणि लॉकचे नियम, बडोदा

१६ जून २०२५, सोमवार

सकाळी मकरपुऱ्याला पोचले तर चाचणीच्या बेंचवरचा मुलगा दारातच भेटला. "बेन, बंध थई गयुं." चार नंबरचा बोर्ड. शनिवारी रात्रभर चालवायला म्हणून लावून गेलो होतो. ग्राहकाकडे बसवलेल्यांपैकी दोन बोर्ड याच महिन्यात असेच गप्प झाले. तिथे माणूस पाठवून वीज बंद-चालू करावी लागली आणि आमच्या हाती काहीच पुरावा उरला नाही. आज पहिल्यांदा हा प्रकार आपल्या टेबलावर झालाय. वीज बंद करू नका, केबल हलवू नका, असा कागद लिहून बोर्डावर चिकटवला आणि मगच चहा घेतला.

नवीन येणाऱ्यांसाठी थोडक्यात: बोर्डवर दोन कोर्टेक्स-ए९ (एआरएम) कोर आहेत, त्याच चिपमध्ये एफपीजीए (आत हवं तसं हार्डवेअर घडवता येतं असा भाग), आणि एफपीजीएमध्ये आमचाच इथरनेट मॅक, म्हणजे पॅकेटं पाठवणारं-घेणारं हार्डवेअर. पोर्ट दोन. दुसऱ्या पोर्टवर नाल्याचा कॅमेरा आणि पातळीचा सेन्सर, पहिल्या पोर्टवरून सगळं नियंत्रण कक्षाकडे जातं. लिनक्स कर्नल ६.६. मॅक चालवणारा ड्रायव्हर माझा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा पाणी कुठे किती चढलंय हे आम्ही एकमेकांना फोन करकरून विचारत होतो. हा गेटवे त्यासाठीच आहे, आणि नेमका पावसातच गप्प बसणारा गेटवे बसवून काय उपयोग?

सिरीयल कन्सोल जिवंत होता. आयपी कमांड (पोर्टांची मांडणी बघायची-बदलायची) दिली ती परत आलीच नाही. शनिवारी दुसऱ्या पोर्टवरून उघडून ठेवलेलं एसएसएच सत्र अजून चालू होतं, त्यातून पीएस, म्हणजे चालू प्रोसेसांची यादी बघितली: आयपीच्या तीन प्रोसेस, तिन्ही 'डी' अवस्थेत, म्हणजे उठवता न येणाऱ्या झोपेत. किल नऊ मारलं तरी ढिम्म. कर्नलच्या लॉगमध्ये एकच रड, अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलाय. आणि दुसऱ्या पोर्टवरची पॅकेटं मात्र मजेत येत-जात होती. म्हणजे हार्डवेअर मेलेलं नाही, पॅकेटांचा रस्ताही बंद नाही. फक्त नेटवर्कच्या मांडणीला हात लावायला जो जाईल तो अडकतोय.

कन्सोलवरून ब्रेक पाठवून सिसरिक्यूचा डब्ल्यू दिला. अडकलेल्या सगळ्या टास्कांचे स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याच्या याद्या) छापून आले. दोन महत्त्वाचे. पहिला आयपी कमांडचा: खालून वर वाचत गेलं तर पोर्ट बंद करायची विनंती, मग माझं स्टॉप फंक्शन, मग कॅन्सल-वर्क-सिंक (वर्क रद्द कर, चालू असेल तर संपेपर्यंत थांब), आणि तिथे थांबलेला. दुसरा केवर्करचा: माझं रीसेटचं वर्क, म्हणजे मागाहून करायला रांगेत टाकलेलं काम, आणि ते आरटीएनएल-लॉकवर थांबलेलं.

दोन्ही स्टॅकमध्ये माझंच फंक्शन. रात्री घरी येईपर्यंत डोक्यात तेच होतं.

१७ जून, मंगळवार

काल समजलं होतं, आज नीट मांडते.

आरटीएनएल हा लिनक्सच्या नेटवर्किंगमधला एक मोठा म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा लॉक. दुसरा कुणी मागितला तर तो सुटेपर्यंत झोपून थांबतो. पोर्ट चालू करणं, बंद करणं, पत्ता देणं, एमटीयू (पॅकेटाची कमाल लांबी) बदलणं, ही सगळी मांडणीची कामं तो हातात घेऊन होतात. तो सगळ्या पोर्टांना मिळून एकच आहे, पोर्टागणिक वेगळा नाही. पॅकेट पाठवायच्या-घ्यायच्या वाटेवर तो लागत नाही, म्हणून काल दुसरा पोर्ट धावत होता आणि आयपी कमांड मात्र लटकली होती.

माझ्या ड्रायव्हरचं ओपन आणि स्टॉप कर्नल बोलावतो तेव्हा आरटीएनएल आधीच घेतलेला असतो. मी तो घेत नाही. माझ्या फाइलमध्ये त्याचं नावसुद्धा दिसत नाही. इथेच फसायला होतं. आपण आपल्या फाइलमधले लॉक मोजतो आणि आपल्याला बोलावणाऱ्याच्या हातात काय आहे ते विसरतो.

घडलं ते असं. पाठवण्याची रांग अडकली की कर्नलचा वॉचडॉग टाइमर माझं टीएक्स-टाइमआउट बोलावतो. तिथे झोपता (कोर सोडून वाट बघत थांबता) येत नाही, म्हणून मी फक्त रीसेटचं वर्क रांगेत टाकते. वर्क आधी ३०० मिलिसेकंद डीएमए (मॅकचं मेमरीत थेट वाचणं-लिहिणं) शांत व्हायची वाट बघतं, मग आरटीएनएल मागतं, मग रीसेट. आता त्या ३०० मिलिसेकंदांत कुणी पोर्ट बंद करायला आलं तर? त्याने आरटीएनएल घेतला, माझं स्टॉप सुरू झालं, आणि स्टॉप म्हणालं, वर्क संपेपर्यंत थांबते. वर्क म्हणालं, आरटीएनएल मिळेपर्यंत थांबतो.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात आजी रात्री दिंडीला आतून कडी घालून बसायची, सगळे आले की झोपेन म्हणून. धाकटा काका बाहेर उभा आणि आजी आत त्याची वाट बघतेय, असं एकदा बराच वेळ चाललं होतं. त्याने शेवटी हाक मारली. कर्नलमध्ये हाक मारायची सोय नाही.

एवढ्या छोट्या फटीत दोघं गाठ पडतात कसे, हा प्रश्न दुपारपर्यंत सुटत नव्हता. मग देखरेखीची स्क्रिप्ट उघडली. ती दर सेकंदाला नियंत्रण कक्षाला पिंग करते, ५ चुकले की पोर्ट बंद करून पुन्हा चालू करते. आणि ड्रायव्हरच्या वॉचडॉगची मुदत? मी स्वतः काही दिलेली नाही, म्हणजे कर्नलची ठरलेली ५ सेकंद. रांग अडकली की दोन्ही घड्याळं एकदमच सुरू होतात आणि जवळजवळ एकदमच वाजतात. म्हणजे हा योगायोग नव्हताच, भेट आम्हीच ठरवून ठेवली होती.

१८ जून, बुधवार

दुरुस्ती. स्टॉपमधलं कॅन्सल-वर्क-सिंक काढलं. वर्क आता आधी आरटीएनएल घेतं, मग नेटिफ-रनिंग, म्हणजे पोर्ट चालू आहे का, विचारतं. पोर्ट बंद झालेला असेल तर काही न करता लॉक सोडून परततं. वर्क रद्द करण्याची जागा ड्रायव्हर काढून टाकण्याच्या फंक्शनमध्ये हलवली: आधी अनरजिस्टर-नेटडेव्ह, ते स्वतः आरटीएनएल घेतं, पोर्ट बंद करतं आणि लॉक सोडतं. मग कॅन्सल-वर्क-सिंक, तेव्हा आपल्या हातात काही नसतं. मग फ्री-नेटडेव्ह, ते पोर्टाची मेमरी मोकळी करतं. हा क्रम हलवायचा नाही. फ्री आधी केलं तर वर्क मोकळ्या झालेल्या मेमरीत पाय टाकेल.

एक बारीक फट राहते: बंद करून लगेच चालू केलं तर जुनं वर्क नव्याने उघडलेल्या पोर्टाला विनाकारण एकदा रीसेट करेल. एखादं पॅकेट जाईल, अडकणार काही नाही. राहू दे.

डीएमएच्या वाटेवरून काकांशी वाद झाला. (काका म्हणजे आमचे हार्डवेअरवाले, ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणतात.) मी ती ३०० मिलिसेकंदांची झोप लॉकच्या आत घेतली. काका म्हणाले, "अगं, तूच म्हणतेस हा लॉक सगळ्या पोर्टांचा मिळून एक. मग एका पोर्टापायी सगळ्यांना थांबवायचं का?" त्यांचं खरं होतं. पण बाहेर ठेवलं तर वर्क रजिस्टरांना (मॅकच्या नियंत्रणाच्या जागांना) हात लावत असताना स्टॉप त्याच रजिस्टरांची वीज काढणार. मी मूळ ती बाहेर ठेवली होती तीच मुळी लॉक कमी वेळ धरावा म्हणून, आणि त्यातूनच हे झालं. शेवटी काकांनीच तोड काढली. डीएमए शांत झाल्याचा बिट मॅकमध्ये आहेच, मग डोळे मिटून ३०० का झोपायचं? आता बिट बघत थांबते, जास्तीत जास्त ३००. बहुतेक वेळा तो लगेच साफ होतो.

१९ जून, गुरुवार

आज जे केलं ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं: बेंचच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉक घेण्याचे क्रम तपासणारी कर्नलचीच सोय) चालू केलं. आजवर बेंचवरही ग्राहकाच्या बोर्डाचंच कॉन्फिग चालायचं, कारण तेच तपासायचं असा आमचा समज. लॉकडेपने वेग पडतो, म्हणून ते बाहेर पाठवायचं नाही हे बरोबर. पण बेंचवर नसणं ही चूक होती आणि ती माझी आहे.

खात्री करायला कालची दुरुस्ती काढून जुना ड्रायव्हर चढवला. मुद्दाम एक टाइमआउट घडवला, वर्क पूर्ण होऊ दिलं. मग निवांत, पाच मिनिटांनी पोर्ट बंद केला. काहीच अडकलं नाही. तरी कन्सोलवर लॉकडेपची तक्रार आली: लॉकांचं वर्तुळ होऊ शकतं. खाली दोन्ही वाटा छापलेल्या, सोमवारच्या स्टॅकमध्ये होत्या त्याच.

लॉकडेप प्रत्यक्ष डेडलॉकची, म्हणजे दोघं एकमेकांसाठी कायमचे अडकण्याची, वाट बघत नाही. कुठला लॉक हातात असताना कुठला मागितला याचा क्रम ते लिहून ठेवतं, आणि वर्कच्या संपण्याची वाट बघणं यालाही लॉक घेण्यासारखंच धरतं. आरटीएनएल धरून वर्कची वाट, आणि वर्कच्या पोटात आरटीएनएल, एवढं दोनदा वेगवेगळ्या वेळी दिसलं की पुरे. लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. जी वाट एकदाही चालली नाही ती लॉकडेपला ठाऊक नसते, तेव्हा टाइमआउट, रीसेट, एमटीयू बदल, ड्रायव्हर काढणं, हे प्रत्येक किमान एकदा घडवायचं. आणि ते एकदाच बोलतं. पहिली तक्रार केली की स्वतःला बंद करून घेतं. दुरुस्त करा, रीबूट करा, पुन्हा पहिल्यापासून.

दुरुस्त ड्रायव्हर चढवल्यावर शांत.

२१ जून, शनिवार

बाहेर धो धो. ऑफिसात मी आणि काका दोघंच.

डेडलॉक गेला, पण मुळात रांग अडकतच का होती? वॉचडॉग वाजला म्हणजे आधी काहीतरी बिघडलेलं होतं. परवा रात्री दुरुस्त ड्रायव्हरवरही टाइमआउट दोनदा आलाय. आता रीसेट होऊन पोर्ट पुन्हा धावतो, म्हणून कुणाच्या लक्षात येणार नाही. पण त्या ५ सेकंदांचा कॅमेरा आणि पातळी गेली ती गेलीच. हे असंच पाठवून देऊ, रीसेट आहेच, असं एक मत आज फोनवर ऐकलं. मी नाही म्हणाले.

जुन्या नोंदी चाळल्या. मे अखेरीला आपण इंटरप्ट (हार्डवेअरने कोरला मारलेली हाक) एकत्र करण्याची मर्यादा वाढवली, दर पॅकेटामागे इंटरप्ट नको म्हणून. पहिला बोर्ड गप्प झाला तो त्यानंतर. दुसरं, हाच मॅक आणि हाच ड्रायव्हर गेल्या वर्षी पीसीआय एक्सप्रेस कार्डावर, इंटेलच्या पीसीत, महिनाभर चालला होता. एकही टाइमआउट नाही.

२४ जून, मंगळवार

सापडलं. दोन दिवस लागले. हे सावकाश लिहिते, कारण हे कुठल्याही लॉकच्या यादीत सापडणार नाही.

पाठवण्याची रिंग ६४ खणांची. स्टार्ट-एक्समिट, म्हणजे पॅकेट पाठवायला कर्नल बोलावतो ते माझं फंक्शन, पॅकेट खणात ठेवतं. मॅकने पाठवून झालं की नापीचं पोल (इंटरप्ट आल्यावर पॅकेटं हाताळणारं फंक्शन) तो खण मोकळा करतं. स्टार्ट-एक्समिट चालतं तेव्हा त्या रांगेचा स्पिनलॉक (न झोपता, फिरत वाट बघायचा लॉक) कर्नलने घेतलेला असतो, म्हणून एका रांगेवर एकाच वेळी दोन कोर पाठवत नाहीत. पण पोल तो लॉक घेत नाही. एक कोर खण भरतोय, दुसरा त्याच वेळी मोकळे करतोय, दोघांमध्ये लॉक नाही. हे मुद्दाम तसंच आहे, वेगासाठी.

मग खण संपले की काय? स्टार्ट-एक्समिट रांग थांबवतं, म्हणजे 'थांबली' असा एक बिट लावतं. पोल खण मोकळे केल्यावर तो बिट बघतं, लागलेला असला तर रांग पुन्हा चालू करतं. बिट लावणं आणि खण मोकळे होणं एकमेकांना चुकवू नयेत म्हणून स्टार्ट-एक्समिट बिट लावल्यावर खण पुन्हा एकदा मोजतं. हे सगळं माझ्या कोडमध्ये होतं. पोलच्या बाजूला मेमरी बॅरियरही होता, म्हणजे आधीचं लिहिणं इतरांना दिसेपर्यंत पुढचं वाचू न देणारी आज्ञा. स्टार्ट-एक्समिटच्या बाजूला नव्हता.

कोर शून्य बिट लावतो. पण ते लिहिणं त्याच्या स्टोअर बफरमध्ये पडून आहे, दुसऱ्या कोरला अजून दिसलेलं नाही. तो पुढे सरकतो आणि खण मोजतो: शून्य मोकळे. तेवढ्यात कोर एक ६४ च्या ६४ खण मोकळे करतो, बॅरियर पार करतो, बिट बघतो: लागलेला नाही. ठीक, म्हणून निघून जातो. आता कोर शून्यचा बिट बाहेर पडतो. रांग थांबलेली, रिंग पूर्ण रिकामी. मॅककडे पाठवायला काही नाही, म्हणून 'पाठवून झालं' हा इंटरप्ट पुन्हा येणार नाही. कॅमेऱ्याच्या घेण्याच्या इंटरप्टने पोल चालतं खरं, पण माझ्या पोलमध्ये निदान एक तरी खण मोकळा झाला असेल तरच बिट बघायचा अशी अट होती. संपलं. ५ सेकंदांनी वॉचडॉग.

पूर्वी हे का दिसलं नाही याचीही उत्तरं मिळाली. इंटरप्ट दर पॅकेटामागे होते तेव्हा एखादा खण नेहमी उरायचा, पुढच्या फेरीत पोलला बिट दिसायचा. एकत्रीकरण वाढवल्यावर सगळे खण एकाच फेरीत मोकळे होऊ लागले आणि दुसरी संधी गेली. पीसीवर तर निराळंच कारण. एक्स८६ वर, म्हणजे इंटेलच्या पीसीत, सेट-बिट (बिट लावणारं फंक्शन) 'लॉक' हा उपसर्ग लावलेल्या सूचनेने चालतं, तेच पुरा बॅरियर ठरतं. एआरएमवर सेट-बिट अणुरूप आहे, म्हणजे अर्धवट कधी दिसत नाही, पण क्रमाची हमी देत नाही. अणुरूप म्हणजे क्रमवार नव्हे. मी हे वाचलेलं होतं, तरी हाताने लिहिताना विसरले, आणि पीसीने महिनाभर माझी चूक झाकून ठेवली.

दुरुस्ती एका ओळीची होती. तरी ती ओळ न टाकता सगळा भाग काढून कर्नलची तयार मॅक्रो वापरली. थांबव, बॅरियर, पुन्हा मोज, जागा असेल तर चालू कर, हा सगळा क्रम त्यात बांधलेला आहे, पोलच्या बाजूची जोडीदारही आहे. ६.४ पासून ती मिळतात. हाताने लिहायचं कारणच उरलेलं नाही.

काकांनी विचारलं, "दोन्हीकडे सरळ एक स्पिनलॉक का नाही लावत?" लावला तर चालेल, चुकणार नाही. पण तो प्रत्येक पॅकेटाला दोन्ही कोरांना एकमेकांसाठी थांबवेल, आणि गरज आहे ती रिंग भरल्याच्या एका क्षणापुरती. बॅरियर त्या क्षणीच खर्च करतो.

२७ जून, शुक्रवार

तीन रात्री सलग, एकही टाइमआउट नाही.

बाहेरच्या बोर्डांचे लॉग मिळावेत म्हणून नेटकन्सोल (कर्नलचा लॉग नेटवर्कवरून पाठवणारी सोय) चालू केलं आणि लॉकडेप लगेच बोललं. नेटकन्सोल स्टार्ट-एक्समिटला इंटरप्ट बंद असताना बोलावू शकतं. माझ्या स्टार्ट-एक्समिटमध्ये डोअरबेल रजिस्टरासाठी (नवं पॅकेट ठेवलंय हे मॅकला कळवायची जागा) एक छोटा स्पिनलॉक होता, तो सोडताना मी सरळ इंटरप्ट चालू करणारं रूप वापरलं होतं. म्हणजे बोलावणाऱ्याने बंद ठेवलेले इंटरप्ट मी त्याच्या नकळत उघडत होते. इंटरप्टची आधीची अवस्था जपून ठेवणारं आणि तीच परत देणारं रूप घातलं. नापीच्या पोललाही नेटकन्सोलकडून हीच वेळ येऊ शकते, तिथेही बघितलं, ठीक आहे.

१ जुलै, मंगळवार

मल्टिकास्ट गटात (एकच पॅकेट अनेकांना जातं असा गट) सामील होताच कन्सोलवर 'झोपू नये तिथे झोपलात' अशी तक्रार. सेट-आरएक्स-मोडमध्ये (कुठली पॅकेटं घ्यायची ते मॅकला सांगणारं फंक्शन) मी फिल्टर भरून झाल्याचा बिट बघत थांबत होते, आणि वाट बघायचं ते रूप आतून झोपतं. सेट-आरएक्स-मोड पत्त्यांच्या स्पिनलॉकखाली चालतं, तिथे झोप नाही. मॅकला फिल्टर भरायला मोजके मायक्रोसेकंद लागतात, म्हणून न झोपता वाट बघणारं रूप घातलं. जास्त वेळ लागला असता तर वर्कमध्ये टाकावं लागलं असतं.

४ जुलै, शुक्रवार

ग्राहकाच्या पडद्यावर पाठवलेल्या डेटाचा आकडा मधूनच एकदम ४ जीबीने मागे जातो आणि पुढच्या वाचनाला ठीक होतो. महिनाभर हे आम्ही पडद्याच्या सॉफ्टवेअरवर ढकलत होतो.

आपले कोर ३२ बिटांचे. ६४ बिटांचा मोजणीचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो. खालचा तुकडा ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर शून्यावर येतो आणि हातचा वर जातो. वाचणारा नेमका त्या मध्ये सापडला तर जुना वरचा तुकडा आणि नवा खालचा तुकडा. १०० मेगाबिटांच्या पोर्टावर पूर्ण भाराने ही वेळ दर ५ मिनिटं ४४ सेकंदांनी येते. कॅमेरा तेवढा भरत नाही, म्हणून आम्हाला ते दिवसातून क्वचित दिसायचं.

आकडे वाचणारं फंक्शन आरसीयूखाली (लॉक न घेता वाचायची कर्नलची पद्धत, तिथे झोप नाही) चालू शकतं, झोपणारा म्युटेक्स चालणार नाही. कर्नलची यू६४-स्टॅट्सची सोय वापरली: लिहिणारा आधी एक क्रमांक वाढवतो, लिहितो, पुन्हा वाढवतो. वाचणाऱ्याला मध्येच क्रमांक बदललेला दिसला तर तो पुन्हा वाचतो. ६४ बिटांच्या यंत्रावर या सगळ्याचा खर्च शून्य.

अट एकच आणि ती कडक आहे: एका क्रमांकाला एका वेळी एकच लिहिणारा. आपले पाठवलेले आणि आलेले, दोन्ही आकडे पोल लिहितं, तिथे ठीक. पण टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा स्टार्ट-एक्समिट लिहितं, दुसऱ्या कोरवर. मी घाईत तिघांना एकच क्रमांक दिला होता. दोघांनी एकदम वाढवला आणि एक वाढ हरवली, तर क्रमांक कायमचा विषम राहील आणि वाचणारा तिथेच फिरत बसेल. म्हणजे आकडा दुरुस्त करता करता मी नवी हँग घालणार होते. टाकलेल्यांसाठी वेगळा क्रमांक केला.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळी आईबरोबर देवळात जाऊन आले, दुपारी खिचडी खाऊन टेबलाशी बसले. कुणी सांगितलं नव्हतं, पण हे मनात घेऊन झोप लागली नसती.

तीन आठवड्यांतल्या चुका एकाखाली एक लिहिल्या. लॉक घ्यायला विसरले असं एकदाही झालेलं नाही. बोलावणाऱ्याच्या हातात आधीच काय आहे, आपण कुठल्या संदर्भात उभे आहोत, आणि आपल्याबरोबर त्याच वेळी दुसरं कोण चालू शकतं, हे माहीत नसल्यामुळेच बहुतेक सगळं. म्हणून ड्रायव्हरच्या प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर आता तीन ओळी लिहिल्या. नमुने:

ओपन आणि स्टॉप: आरटीएनएल आधीच घेतलेला. झोपता येतं. आरटीएनएल मागणाऱ्या कुठल्याही वर्कची वाट इथे बघू नये.

स्टार्ट-एक्समिट: रांगेचा स्पिनलॉक आधीच घेतलेला. झोप नाही. इंटरप्ट बंद असू शकतात. पोल त्याच वेळी दुसऱ्या कोरवर चालू असू शकतं.

पोल: नापीचा 'ठरलंय' हा बिट आपल्याकडे, म्हणून आपली दुसरी प्रत चालणार नाही. बजेट (एका फेरीत हाताळायच्या पॅकेटांची मर्यादा) पूर्ण वापरलं तर कम्प्लीट म्हणू नये.

स्टॉपमध्ये नापी-डिसेबल: पोल संपेपर्यंत झोपतं. मध्ये एनेबल न करता दुसऱ्यांदा बोलावलं तर कायमचं अडकतं. रीसेट आणि स्टॉप दोन्ही आरटीएनएलखाली आहेत म्हणूनच हे सुरक्षित.

या ओळी कर्नलच्या दस्तऐवजात आहेतच, मी काही नवीन शोधलेलं नाही. पण तिथे त्या सगळ्या ड्रायव्हरांसाठी आहेत. इथे त्या आपल्या फंक्शनवर बसल्या की पुढचा माणूस स्टॉपमध्ये वाट बघणारी ओळ टाकताना वर बघेल.

आणि लिहिता लिहिता एक सापडलंच. लिंक बदलल्याचं फंक्शन फायच्या (केबलशी थेट बोलणाऱ्या चिपच्या) लायब्ररीकडून येतं, त्या उपकरणाचा म्युटेक्स धरून. तिथून मी रीसेटचं वर्क टाकते, ठीक. पण स्टॉपमध्ये फाय थांबवताना तोच म्युटेक्स लागतो, आणि माझा एक स्वतःचा म्युटेक्स दोन्हीकडे उलट्या क्रमाने घेतला जात होता. लॉकडेपने पकडलं नव्हतं, कारण बेंचवर केबल कुणी उपटतच नव्हतं.

९ जुलै, बुधवार

माझा तो म्युटेक्स काढूनच टाकला. जे जपायचं होतं ते आरटीएनएलखाली आधीच जपलेलं होतं. बेंचवर आता तासातून दोनदा केबल उपटायची, हे त्या मुलाकडे दिलंय. त्याने वहीत रकाने आखलेत.

तपासणीला बसलेल्या सहकाऱ्याने सुचवलं, लॉकरहित पाठवणीचा झेंडा लावून स्टार्ट-एक्समिटवरचा स्पिनलॉक काढू, वेग येईल. नको म्हणाले. तो झेंडा व्हीलॅन, टनेल यांच्यासारख्या खालच्या पोर्टाला पॅकेट देणाऱ्या आभासी पोर्टांसाठी आहे. खऱ्या हार्डवेअरच्या ड्रायव्हरने तो लावला तर तेच काम करणारा लॉक आपल्याला आत लिहावा लागतो, आणि आपण काही कर्नलपेक्षा बरा लिहिणार नाही. त्याला पटलं.

पुढे कर्नल बदलताना एक बघायचं आहे. नव्या कर्नलांत आरटीएनएलचा भार कमी करायला प्रत्येक पोर्टाचा स्वतःचा लॉक आलाय आणि काही ड्रायव्हरांची फंक्शनं त्याच्याखाली चालतात. आपण ६.६ वर आहोत तोवर प्रश्न नाही, पण त्या तीन ओळी तेव्हा पुन्हा वाचाव्या लागतील. ड्रायव्हरच्या फाइलच्या डोक्यावर कर्नलची आवृत्ती लिहून ठेवली.

१५ जुलै, मंगळवार

लॉकडेपच्या कर्नलवर सहा दिवस: पोर्ट बंद-चालू ११,००० वेळा, घडवलेले टाइमआउट ४००, केबल उपटलेली वहीप्रमाणे २०६ वेळा (रात्रपाळीच्या मुलानेही टाळाटाळ केली नाही). तक्रार नाही. बाहेर जाणाऱ्या कॉन्फिगवर पाच बोर्ड, पूर्ण भार, टाइमआउट नाही.

देखरेखीच्या स्क्रिप्टची मुदत ५ वरून २० सेकंदांवर नेली. ड्रायव्हरला आधी स्वतः सावरू दे, मग बाहेरच्याने हात घालावा.

दुपारी सहा बोर्ड खोक्यात भरले. काकांनी प्रत्येकाचं झाकण पुन्हा काढून रबरी पॅकिंग बोटाने दाबून बघितलं. उद्या सकाळी पहिले दोन नाल्यावर बसतील. चार नंबरचा बोर्ड द्यायचा नाही. तो बेंचवरच राहील, लॉकडेपसकट, आणि त्यावरचा माझा कागद काढून त्या मुलाने नवा लावलाय: केबल रोज हलवा.